कोरोनातील राज्याराज्यांतील तफावत : धोरणाचे श्रेय किती, मोजणीचा दोष किती?

नवी दिल्ली : कोरोनाच्या महासाथीत कोणत्या राज्याने चांगली कामगिरी केली आणि कोणते राज्य अपयशी ठरले, हा राजकीय वाद अद्याप शमलेला नाही. सत्ताधारी पक्ष आपल्या राज्यातील कमी मृत्युसंख्येचे श्रेय सरकारी धोरणाला देतात, तर विरोधक शेजारच्या राज्याकडे बोट दाखवतात. मात्र भारताच्या महानिबंधक कार्यालयाने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २०२१ या वर्षाच्या मृत्यूनोंदणीच्या आकडेवारीने या वादाचा पायाच हलवला आहे. ज्या मृत्युसंख्येच्या आधारे राज्यांची तुलना होत आली, ती संख्या सर्व राज्यांनी सारख्या काटेकोरपणे मोजलेलीच नव्हती, हे या आकडेवारीवरून स्पष्ट होते.

नागरी नोंदणी प्रणालीनुसार देशात २०१९ मध्ये ७६.४ लाख मृत्यूंची नोंद झाली होती. २०२० मध्ये ही संख्या ८१.२ लाख झाली आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाखांवर पोहोचली. म्हणजे एका वर्षात सुमारे २१ लाखांची वाढ झाली. त्याच वर्षात कोरोनामुळे झालेले अधिकृत मृत्यू मात्र सुमारे ३.३ लाख होते. ही सर्व वाढ कोरोनाच्या खात्यावर टाकता येणार नाही. नोंदणीचे प्रमाण दरवर्षी सुधारत आहे, टाळेबंदीच्या काळात रखडलेल्या काही नोंदी नंतर झाल्या असणे शक्य आहे आणि रुग्णालये भरलेली असल्याने इतर आजारांच्या रुग्णांनाही उपचार मिळाले नाहीत. या सर्व बाबी वजा केल्या तरी उरणारी तफावत दुर्लक्ष करण्याजोगी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख असा दिला होता. केंद्र सरकारने त्यामागील गणिती प्रारूपावर तीव्र आक्षेप घेतला होता. नोंदणीचे नवे आकडे मात्र प्रारूपाचे नसून सरकारच्याच दप्तरातील आहेत.

या पार्श्वभूमीवर मूळ प्रश्न नव्याने विचारावा लागतो. महासाथीच्या परिणामांत राज्याराज्यांत जो फरक दिसला, तो सरकारी धोरणांनी कितपत स्पष्ट होतो?

अधिकृत आकड्यांचा विरोधाभास

अधिकृत आकडे जसेच्या तसे स्वीकारले तर निष्कर्ष विचित्र निघतात. महाराष्ट्रात कोरोनामुळे सुमारे १ लाख ४८ हजार, केरळमध्ये सुमारे ७२ हजार, उत्तर प्रदेशात सुमारे साडेतेवीस हजार आणि बिहारमध्ये सुमारे १२ हजार मृत्यूंची नोंद झाली. २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येशी हे प्रमाण लावले तर दर लाख लोकसंख्येमागे महाराष्ट्रात सुमारे १३०, केरळमध्ये सुमारे २१५, तर बिहार आणि उत्तर प्रदेशात प्रत्येकी १२ च्या आसपास मृत्यू झाले असे दिसते. सुमारे १५ लाख लोकसंख्येच्या गोव्यात हे प्रमाण २७० च्या वर जाते.

म्हणजे या तक्त्यानुसार देशातील सर्वांत सक्षम सार्वजनिक आरोग्य व्यवस्थांपैकी एक असलेल्या केरळची अवस्था बिहारच्या तुलनेत सुमारे अठरा पट वाईट ठरते. साक्षरता, डॉक्टरांची उपलब्धता आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे या सर्व निकषांवर आघाडीवर असलेले गोवा देशात तळाला जाते. धोरणामुळेच मृत्यू कमी-जास्त झाले, असे मानणाऱ्यांना यातून एकच निष्कर्ष काढावा लागेल : आरोग्यव्यवस्था जितकी दुबळी, तितके मृत्यू कमी. हा निष्कर्ष कोणीही गांभीर्याने मांडणार नाही. त्यामुळे तक्त्यामागील इतर घटकांकडे वळणे क्रमप्राप्त ठरते.

मोजणी हाच पहिला फरक

यातील पहिला आणि सर्वांत प्रभावी घटक मोजणीचा आहे. मृत्यू कोरोनाच्या यादीत येण्यासाठी चार पायऱ्या पार व्हाव्या लागत होत्या. रुग्णाची चाचणी व्हायला हवी, मृत्यू शक्यतो रुग्णालयात व्हायला हवा, डॉक्टरने कारण प्रमाणित करायला हवे आणि जिल्हा पातळीवरील समितीने ते मान्य करायला हवे. देशात नोंदल्या जाणाऱ्या एकूण मृत्यूंपैकी एक चतुर्थांशाहून कमी मृत्यूंचे कारण डॉक्टरांकडून प्रमाणित होते. उरलेल्यांच्या बाबतीत मृत्यूची नोंद होते, कारणाची होत नाही. महासाथीपूर्वी बिहारमध्ये तर होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याच्या आसपासच मृत्यू नोंदले जात होते. केरळ आणि गोव्यात ही नोंदणी जवळपास पूर्ण होती.

या फरकाची उदाहरणे न्यायालयांच्या कामकाजातूनच पुढे आली. पाटणा उच्च न्यायालयाने मृत्यूंच्या आकड्यांबाबत विचारणा केल्यानंतर बिहार सरकारने फेरपडताळणी केली आणि जून २०२१ मध्ये राज्यातील मृत्युसंख्या एका दिवसात ५,४५८ वरून ९,४२९ झाली. त्याआधीच्या महिन्यात बक्सर जिल्ह्यातील चौसा येथे गंगेच्या पात्रात सत्तरहून अधिक मृतदेह आढळले होते. त्यांच्यापैकी किती जणांची कधी चाचणी झाली असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. महाराष्ट्रही अशा दुरुस्तीला अपवाद नव्हता. जून २०२० मध्ये राज्याने ताळमेळ घेतल्यानंतर आधी न नोंदलेले १,३२८ मृत्यू एकदम यादीत समाविष्ट केले आणि त्यांपैकी ८६२ मृत्यू एकट्या मुंबईतील होते.

सर्वांत बोलके उदाहरण नुकसानभरपाईचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी कोरोनामुळे मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबीयांना सानुग्रह मदत देण्याचा आदेश दिला. त्यानंतर ५० हजार रुपयांची रक्कम निश्चित झाली आणि चाचणीत संसर्ग आढळल्यापासून ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू, तो घरी झालेला असला तरी, कोरोनाचा मानण्याचा निकष ठरला. निकष बदलताच चित्र बदलले. केरळने २०२१ च्या अखेरच्या महिन्यांत आधी वगळलेले हजारो मृत्यू यादीत घेतले आणि तेथील मृत्युदर झपाट्याने वाढला. गुजरातमध्ये अधिकृत मृत्युसंख्या सुमारे १० हजार असताना जानेवारी २०२२ पर्यंत मदतीचे ६८ हजारांहून अधिक अर्ज मंजूर झाल्याचे सर्वोच्च न्यायालयासमोर आले. या राज्याने भरपाई दिली, पण मृत्यूंची यादी बदलली नाही. २०२१ च्या नोंदणी आकडेवारीनुसार गुजरातमध्ये आधीच्या पातळीपेक्षा जवळपास दोन लाख मृत्यू अधिक नोंदले गेले, तर त्या वर्षातील अधिकृत कोरोना मृत्यू सहा हजारांच्याही आत होते. केरळ आणि महाराष्ट्र यांच्या बाबतीत ही दरी तुलनेने बरीच अरुंद आहे.

याचा अर्थ असा की, अधिकृत तक्त्यात ज्या राज्यांचा मृत्युदर जास्त दिसतो, त्यांपैकी काहींनी केवळ अधिक प्रामाणिकपणे मोजणी केली होती. प्रामाणिक मोजणीची शिक्षा बदनामीच्या रूपाने मिळणार असेल, तर पुढील साथीत कोणते राज्य ती करील, हा प्रश्न शिल्लक राहतो.

वय आणि संसर्गाचा प्रसार

दुसरा घटक लोकसंख्येच्या वयोरचनेचा आहे. कोरोनाने मृत्यू होण्याचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढतो, हे जगभर सिद्ध झाले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार केरळमध्ये ६० वर्षांवरील नागरिकांचे प्रमाण १२.६ टक्के होते, तर बिहारमध्ये ते ७.४ टक्के होते. त्यानंतरच्या दशकात हे अंतर आणखी वाढले. दोन्ही राज्यांत सारख्याच प्रमाणात संसर्ग झाला आणि सारखेच उपचार मिळाले, असे गृहीत धरले तरी केरळमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त राहिले असते. त्यात तेथील मधुमेह आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांची मोठी संख्या मिळवावी लागते. दीर्घायुष्य हे केरळच्या आरोग्यधोरणाचे यश आहे. या साथीत तेच यश धोका बनून समोर आले.

तिसरा घटक संसर्ग कोठे आणि केव्हा पोहोचला हा आहे. मार्च २०२० मध्ये विषाणू आंतरराष्ट्रीय विमानतळांमार्गे आला. त्यामुळे मुंबई, दिल्ली, अहमदाबाद आणि चेन्नई या शहरांना पहिला फटका बसणे अटळ होते. २५ मार्च २०२० पासून देशभर एकाच वेळी लागू झालेली टाळेबंदी जगातील सर्वांत कठोर टाळेबंदींपैकी एक होती. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निर्बंध निर्देशांकात त्या काळात भारताला शंभरपैकी शंभर गुण होते. मात्र नियम सर्व राज्यांना सारखाच होता आणि परिणाम मात्र सारखे नव्हते. जे धोरण सर्वत्र एक होते, त्याने राज्याराज्यांतील फरक स्पष्ट होऊ शकत नाही. मुंबईत त्या दिवशी साथ दारात होती, तर बिहारच्या बहुतांश जिल्ह्यांत ती पोहोचलीही नव्हती. पुढे मे २०२० पासून श्रमिक विशेष गाड्यांनी ६० लाखांहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतले आणि त्यांच्याबरोबर संसर्गही ग्रामीण भागात पोहोचला.

संसर्ग प्रत्यक्षात किती पसरला याचे तुलनेने विश्वासार्ह उत्तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या रक्तातील प्रतिपिंडांच्या सर्वेक्षणांतून मिळते. जून-जुलै २०२१ मध्ये झालेल्या चौथ्या सर्वेक्षणात देशातील ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. मध्य प्रदेशात हे प्रमाण ७९ टक्के, राजस्थानात ७६.२, बिहारमध्ये ७५.९, गुजरातमध्ये ७५.३ आणि महाराष्ट्रात ५८ टक्के होते. केरळमध्ये ते अवघे ४४.४ टक्के, म्हणजे सर्वेक्षण झालेल्या राज्यांत सर्वांत कमी होते. बिहारमध्ये दर चार जणांपैकी तिघांच्या शरीरात प्रतिपिंडे असतील आणि तरीही मृत्युदर देशात सर्वांत कमींपैकी एक असेल, तर त्याचे स्पष्टीकरण एकट्या तरुण लोकसंख्येने मिळत नाही. न मोजलेले मृत्यू हाच त्यातील उरलेला भाग ठरतो.

धारावीचे दोन अर्थ

धोरण आणि परिस्थिती यांची गुंतागुंत धारावीइतकी स्पष्ट क्वचितच दिसते. सुमारे अडीच चौरस किलोमीटर क्षेत्रात साडेआठ लाखांहून अधिक लोक राहणाऱ्या या वस्तीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळला. सार्वजनिक शौचालये आणि दहा बाय दहाच्या खोल्या यांमुळे तेथे अंतर राखणे अशक्य होते. मुंबई महानगरपालिकेने घरोघर तपासणी, खासगी डॉक्टरांचा सहभाग, शाळा आणि मंगल कार्यालयांत विलगीकरण आणि अन्नवाटप यांवर भर दिला. जूनअखेर रुग्णसंख्या उतरली आणि १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रॉस घेब्रेयसस यांनी धारावीचा उल्लेख आदर्श म्हणून केला.

त्याच महिन्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था, नीती आयोग आणि महापालिका यांनी मुंबईतील तीन विभागांत केलेल्या प्रतिपिंड सर्वेक्षणाचे निष्कर्ष आले. झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्त्यांतील सुमारे १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे त्यात आढळले. धारावीचा या तीन विभागांत समावेश नव्हता, तरी वस्तीची रचना लक्षात घेता तेथेही संसर्ग मोठ्या प्रमाणावर झाला असावा, असे मानण्यास जागा आहे. मग रुग्णसंख्या उतरली ती तपासणीमुळे की बहुतेकांना आधीच संसर्ग होऊन गेल्यामुळे? दोन्ही कारणे एकाच वेळी कार्यरत होती, हे उत्तर अधिक संभवते. महापालिकेच्या मोहिमेमुळे गंभीर रुग्ण वेळेत सापडले, त्यांना खाट मिळाली आणि मृत्यू टळले. संसर्ग थांबवण्याचे सर्व श्रेय मात्र तिला देता येत नाही. धोरणाचा परिणाम मोजताना रुग्णसंख्या आणि मृत्युसंख्या या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, हा धारावीचा धडा आहे.

धोरण कोठे दिसले?

मोजणी, वय आणि प्रसार हे तीन घटक बाजूला काढल्यावर धोरणाच्या वाट्याला काहीच उरत नाही, असा निष्कर्ष चुकीचा ठरेल. धोरणाचा ठसा दोन ठिकाणी स्पष्ट दिसतो. पहिले म्हणजे संसर्ग लांबवण्यात आणि दुसरे म्हणजे संसर्ग झाल्यानंतर जीव वाचवण्यात.

पहिल्याचे उदाहरण केरळ आहे. देशातील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्येच आढळला. ती वुहानहून परतलेली वैद्यकीय विद्यार्थिनी होती. परदेशात काम करणाऱ्यांची मोठी संख्या, पर्यटन आणि दाट लोकवस्ती पाहता तेथे साथ लवकर भडकणे अपेक्षित होते. २०१८ मधील निपाह साथीचा अनुभव, पंचायतींच्या हाती असलेले अधिकार आणि निधी आणि कुटुंबश्री गटांचे जाळे यांच्या बळावर राज्याने संपर्कशोध आणि विलगीकरण टिकवून धरले. जुलै २०२१ मध्ये ५६ टक्के केरळीय संसर्गापासून दूर होते, याचा अर्थच त्यांची लाट पुढे ढकलली गेली होती. ऑगस्ट-सप्टेंबर २०२१ मध्ये देशातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण केरळमध्ये आढळू लागले, तेव्हा 'केरळ प्रारूप' कोसळल्याची टीका झाली. बकरी ईदसाठी निर्बंध शिथिल केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानेही राज्याला फटकारले होते. ती टीका पूर्णतः निराधार नव्हती. मात्र तोपर्यंत राज्यातील ज्येष्ठांपैकी मोठ्या वर्गाला लशीची किमान एक मात्रा मिळालेली होती. एप्रिलमध्ये लशीशिवाय आणि ऑक्सिजनच्या टंचाईत संसर्ग होणे आणि सप्टेंबरमध्ये लस घेतल्यानंतर संसर्ग होणे, यांतील अंतर जीवनमरणाचे होते. लांबवणे म्हणजे टाळणे नव्हे, पण लस येईपर्यंत लांबवणे हे अनेकांच्या बाबतीत मृत्यू टाळणे ठरले.

दुसऱ्याचे उदाहरण ऑक्सिजनचे आहे. एप्रिल-मे २०२१ मध्ये डेल्टा विषाणूच्या लाटेत देशातील दैनंदिन रुग्णसंख्या चार लाखांच्या पुढे गेली. दिल्लीतील रुग्णालये ऑक्सिजनसाठी न्यायालयाच्या दारात उभी राहिली आणि पुरवठा तुटल्याने रुग्ण दगावले. गोव्यात मे महिन्यात चाचणी झालेल्या दर दोघांपैकी एकाला संसर्ग आढळत होता. तेथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पहाटेच्या वेळी ऑक्सिजनचा दाब कमी होऊन रुग्ण दगावत असल्याच्या तक्रारींची मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने दखल घेतली. मुंबईत १७ एप्रिलच्या सुमारास सहा रुग्णालयांतील साठा संपत आल्याचे लक्षात येताच महापालिकेने एका रात्रीत १६८ रुग्ण अन्यत्र हलवले आणि त्यातील सर्वांचे प्राण वाचले. पहिल्या लाटेनंतर उभारलेल्या द्रवरूप ऑक्सिजनच्या टाक्या, जम्बो केंद्रे आणि खाटांच्या वाटपासाठी २४ विभागांत सुरू केलेली वॉर रूम यांचा त्यात मोठा वाटा होता. मे २०२१ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या सुनावणीत मुंबईच्या या व्यवस्थापनाकडून शिकण्याची सूचना केली. केरळने त्याच काळात शेजारच्या राज्यांना ऑक्सिजन पुरवला.

येथेही भूगोलाचा वाटा नाकारता येत नाही. महाराष्ट्रात दररोज एक हजार मेट्रिक टनांहून अधिक ऑक्सिजनची निर्मिती होत होती. दिल्लीला मात्र तो ओडिशा, झारखंड आणि पश्चिम बंगालमधील पोलाद कारखान्यांतून शेकडो किलोमीटर अंतरावरून आणावा लागत होता. शिवाय राज्य एक असले म्हणजे परिणामही एक असतात, असे नाही. मुंबईने रुग्ण हलवले त्यानंतर चारच दिवसांनी, २१ एप्रिल रोजी, नाशिकमधील महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन २२ रुग्णांचा मृत्यू झाला. डेल्टाशी संबंधित विषाणूप्रकार सर्वप्रथम महाराष्ट्रात आढळले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीसह विदर्भात रुग्णसंख्या वाढू लागली, तेव्हा उर्वरित राज्य आणि देश तुलनेने शांत होता. राज्याच्या सरासरीत हे सर्व फरक नाहीसे होतात.

धोरण कोणाचे?

धोरणाने फरक पडला असे म्हणताना ते धोरण कोणाचे, हेही स्पष्ट व्हायला हवे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात साथ पसरू न देणे हा समवर्ती सूचीतील विषय आहे. प्रत्यक्षात पहिली टाळेबंदी केंद्राने आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ अन्वये लागू केली, तर राज्यांनी १८९७ च्या साथरोग कायद्याचा आधार घेतला. रुग्णशोध, खाटा आणि अंत्यसंस्कार ही जबाबदारी महापालिका आणि जिल्हा प्रशासनावर पडली.

लसीकरणात हा गोंधळ सर्वाधिक जाणवला. १६ जानेवारी २०२१ रोजी मोहीम सुरू झाली तेव्हा खरेदी केंद्राकडे होती. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटासाठी लस खरेदीचा भार राज्ये आणि खासगी रुग्णालयांवर टाकण्यात आला आणि २१ जूनपासून तो पुन्हा केंद्राकडे गेला. राज्यांना मिळणाऱ्या मात्रांवर त्यांचे स्वतःचे नियंत्रण मर्यादित होते. मिळालेल्या मात्रा कशा वापरल्या, हे मात्र त्यांच्या हातात होते. केरळने मे २०२१ पर्यंत मिळालेल्या ७३.३८ लाख मात्रांतून ७४.२६ लाख मात्रा दिल्या. कुपीत उरणाऱ्या जादा थेंबांतून कुशल परिचारिकांनी ही बचत केली आणि त्याची दखल पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही घेतली. अशा यशाचे मूळ साथीच्या काळातील घोषणांत नसते. वर्षानुवर्षे भरलेल्या पदांत आणि प्रशिक्षणात ते असते.

परदेशांतील पुरावा

हा अनुभव केवळ भारतापुरता मर्यादित नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील राज्यांची तुलना वय आणि आधीचे आजार यांचा हिशेब करून करण्यात आली. हवाई राज्यातील मृत्युदर सर्वांत कमी आणि ॲरिझोनातील सर्वांत जास्त होता आणि दोहोंत जवळपास चौपट अंतर होते. गरिबी, शिक्षण, उपचारांची उपलब्धता आणि लोकांचा परस्परांवरील विश्वास यांचा या फरकाशी निकटचा संबंध आढळला. निर्बंधांचा संबंध कमी संसर्गाशी आणि लसीकरणाचा संबंध कमी मृत्यूंशी दिसला. राज्यपाल कोणत्या पक्षाचा होता, याचा मृत्युदराशी संबंध आढळला नाही. स्वीडनने कठोर टाळेबंदी टाळली तेव्हा २०२० मध्ये तेथील मृत्युदर शेजारच्या नॉर्वे आणि फिनलंडपेक्षा कितीतरी पट अधिक होता. मात्र पुढील वर्षे धरून अतिरिक्त मृत्यूंचा हिशेब केल्यावर अनेक अंदाजांत स्वीडन युरोपातील कमी हानी झालेल्या देशांत मोडतो. कोणत्या कालावधीत आणि कोणत्या मापाने तुलना केली, यावर निष्कर्ष बदलतो, हे यातून दिसते.

पुढील साथीआधी

उपलब्ध पुराव्यावरून एक मर्यादित पण ठाम विधान करता येते. राज्याराज्यांतील अधिकृत मृत्युदरांतील बहुतांश तफावत मोजणी, वय आणि विषाणू पोहोचण्याची वेळ यांनी स्पष्ट होते. टाळेबंदी किती कठोर होती, यावरून राज्यांची गुणवत्ता ठरवता येत नाही. मात्र संसर्ग झालेल्या माणसाला खाट, ऑक्सिजन आणि लस वेळेत मिळाली की नाही, हा फरक धोरणाचाच होता आणि त्याची तयारी साथीच्या आधीच्या दशकात झालेली किंवा राहून गेलेली होती.

यातून मोजणी हाही धोरणाचा भाग ठरतो, केवळ आकडेशास्त्राचा नव्हे. ज्या कुटुंबातील कमावता माणूस घरीच चाचणीविना गेला, त्याला मृत्यूचा दाखला मिळाला तरी त्यावर कारण नव्हते. कारण नसल्याने ५० हजार रुपयांची मदतही अनेकदा मिळाली नाही. जिल्ह्यात किती मृत्यू झाले हेच कळले नाही, तर तेथे किती खाटा आणि किती डॉक्टर हवेत, हेही ठरवता येत नाही. सर्वांत दुबळ्या जिल्ह्यांची गरज अशा प्रकारे दप्तरात सर्वांत कमी दिसते आणि निधीचे वाटप करतानाही ती मागे पडते.

राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ ने आरोग्यावरील सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. त्या उद्दिष्टाबरोबरच प्रत्येक मृत्यूची वेळेत नोंद, कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि जिल्हानिहाय आकडे दरमहा प्रसिद्ध करणे या तीन बाबींना समान महत्त्व द्यावे लागेल. २०२१ मधील मृत्यूंचे आकडे हाती यायला चार वर्षे लागली. पुढील साथीत निर्णय घेण्यासाठी इतका अवधी कोणत्याही सरकारला मिळणार नाही.